औषध बोईसरचे, पारख परक्यांची

नियमातील चार शब्द बदलतात आणि एका संपूर्ण उद्योगाची दिशा बदलण्याची शक्यता निर्माण होते. पण ज्या गावांच्या उंबरठ्यावर तो उद्योग उभा असतो, त्या गावांना मात्र त्याची वार्ताही नसते. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे व त्यांच्या रुग्णचाचण्या यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांत अशीच एक दुरुस्ती केली. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते प्राण्यांवर पारखून घ्यावे, हा आजवरचा दंडक होता. मानवी पेशींवरील चाचण्या, प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्रिमितीय ऊती, चिपवर उभारलेले अवयवांचे नमुने आणि संगणकावर मांडलेली प्रतिमाने यांनाही या दुरुस्तीने प्राण्यांवरील चाचणीच्या पंक्तीला बसविले. अमेरिकेने अशाच आशयाचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये केला होता. म्हणजे भारत जेमतेम तीन महिने मागे राहिला. कायद्याच्या कागदावर हे अंतर नगण्य आहे. प्रत्यक्षात ते किती आहे, हे पाहावयाचे असेल तर बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

चिंचणी, वाणगाव, तारापूर या गावांतून रोज सकाळी या वसाहतीकडे जी माणसे निघतात, त्यांतील कित्येकांचा संसार औषधी द्रव्यांवर चालतो. ल्युपिन, आरती ड्रग्ज यांसारख्या मोठ्या कंपन्यांपासून ते एका शेडमध्ये एखादेच मध्यवर्ती रसायन तयार करणाऱ्या लहान कारखान्यांपर्यंत येथे औषधांचा मूळ माल बनतो. गोळीत जे खरे औषध असते ते येथील भट्ट्यांतून, पिंपांत भरून, टनावारी बाहेर पडते. परंतु एखादे नवे द्रव्य माणसाच्या शरीरात गेल्यावर तेथे काय करील, हा प्रश्न या वसाहतीत विचारला जात नाही. तो अन्यत्र विचारला जातो, त्याचे उत्तर अन्यत्र मिळते आणि त्या उत्तराचे मोलही अन्यत्रच वसूल होते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या रक्तवाहिनीचा विषय या परिसराच्या जिव्हाळ्याचा ठरतो तो यासाठी.

नाळेतून नलिका

रक्तवाहिनी ही केवळ रक्त वाहून नेणारी नळी आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वस्तुतः तिला तीन थर असतात. बाहेरचा थर आधार देतो, मधला स्नायूंचा थर आकुंचन-प्रसरण करतो आणि आतील एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर रक्ताशी सतत संवाद करीत असते. या अस्तराचे महत्त्व अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. सशाच्या महाधमनीचा तुकडा अस्तरासह असला तर ॲसिटिलकोलीन या द्रव्याने तो सैलावतो आणि अस्तर खरवडले गेले असले तर त्याच द्रव्याने तो आखडतो, असे त्यांना आढळले. एकच द्रव्य, परंतु अस्तर असले-नसले की परिणाम नेमका उलटा! अस्तरातून बाहेर पडणारा हा सैलावणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड होय, हे पुढे सिद्ध झाले आणि या संशोधनास १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाची पारख अखंड रक्तवाहिनीवरच का करावी लागते, याचे याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण.

मग अशी रक्तवाहिनी, आणि तीही माणसाची, आणावयाची कोठून? याचे उत्तर प्रसूतिगृहात रोज टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तूत होते. नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते. त्या नीलेच्या आतील अस्तराच्या पेशी अलग करून त्या काचपात्रात वाढविण्याची पद्धत न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये वाइनबर्ग व बेल या दोघांनी कोलॅजेन आणि गाईच्या रक्तवाहिनीतील पेशी यांपासून थरांची नळी घडविली. १९९९ मध्ये लॉरा निक्लासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या पेशींपासून वाढविलेली धमनी पुन्हा डुकराच्याच शरीरात बसवून दाखविली. पुढे मानवी पेशींची पाळी आली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानवी पेशींच्या साह्याने वाढविलेली व नंतर पेशीविरहित केलेली रक्तवाहिनी जखमी रुग्णांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य केली.

शरीरात बसवावयाची रक्तवाहिनी आणि औषध पारखण्यासाठी वाढवावयाची रक्तवाहिनी यांत मात्र भेद आहे. दुसरी पुष्कळच लहान असते. साच्यात मधोमध बारीक सळई ठेवून तिच्याभोवती कोलॅजेन आणि स्नायुपेशी यांचे मिश्रण ओततात. ते घट्ट झाले की सळई काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत अस्तराच्या पेशी सोडतात. मग पंपाच्या साह्याने तिच्यातून पोषक द्रव सतत खेळता ठेवला जातो, कारण प्रवाहाचा स्पर्श झाल्याखेरीज अस्तराच्या पेशी आपल्या धर्माप्रमाणे वागत नाहीत. अशी नळी तयार झाली की तिच्यात औषध सोडावयाचे आणि ती आखडते की सैलावते, पाझरू लागते की काय, तिच्या अस्तराला रक्तकण चिकटतात की काय, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २०१७ मध्ये अकाली वार्धक्य आणणाऱ्या प्रोजेरिया या दुर्मिळ व्याधीच्या रुग्णांच्या पेशींपासून अशा नळ्या वाढवून त्यांच्यावर औषधाचा परिणाम पाहण्यात आला. ज्या व्याधीचे रुग्णच मूठभर, तिच्यासाठी औषधे एकामागून एक रुग्णांवर कशी पारखावयाची, या पेचातून अशा नळ्या वाट काढून देतात.

प्राणी आणि माणूस

पण एवढा खटाटोप कशासाठी, उंदीर आणि माकडे आहेतच की, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये घडलेल्या प्रसंगाने दिले. टीजीएन १४१२ या सांकेतिक नावाचे एक प्रतिपिंड-औषध सहा निरोगी तरुणांना प्रथमच देण्यात आले. प्राण्यांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच ही मात्रा होती. तरीही काही तासांत सहाही जणांच्या शरीरात दाहाचे वादळ उठले, सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, एकामागून एक अवयव निकामी होऊ लागले आणि सर्वांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. पुढे प्रयोगशाळेत जेव्हा मानवी पेशींची योग्य मांडणी करून हेच औषध तपासले गेले, तेव्हा त्या पेशींनी धोक्याचा इशारा दिला. जी सूचना माकडाने दिली नव्हती ती काचपात्रातील मानवी पेशींनी दिली. मात्र उशिरा, कारण ती आधी कोणी मागितलीच नव्हती.

दुसरे उदाहरण रक्तवाहिनीचेच आहे. ल्युपस या विकारासाठी तयार केलेल्या एका प्रतिपिंडाच्या रुग्णचाचण्या १९९९ मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होऊ लागल्या. तत्पूर्वीच्या प्राण्यांवरील चाचण्यांनी तसे सुचविले नव्हते. २०१८ मध्ये मानवी अस्तर असलेल्या चिपवरील रक्तवाहिनीतून मानवी रक्त वाहते ठेवून त्यात हे औषध सोडले असता तेथे गुठळ्या झाल्या. बाजारात येऊ पाहणाऱ्या दर दहा औषधांपैकी सुमारे नऊ माणसांवरील चाचण्यांत गळतात. ही गळती जेवढी अलीकडे होईल तेवढा पैसा वाचतो आणि जीवही वाचतात.

तथापि, नव्या साधनाची भलावण करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेतील रक्तवाहिनीला यकृत नसते. त्यामुळे औषधाचे शरीरात रूपांतर होऊन जे उपपदार्थ बनतात, त्यांची वार्ता तिला लागत नाही. तिचे वय आठवड्यांत मोजावे लागते. रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाने वाढणारा हृदयविकाराचा धोका ज्या चाचणीत उघड झाला, त्या चाचणीत तो अठरा महिन्यांच्या सेवनानंतर दिसू लागला होता. ते औषध २००४ मध्ये जगाच्या बाजारातून मागे घेण्यात आले व भारतातही त्यावर बंदी आली. आठवड्यांची रक्तवाहिनी दीड वर्षाची कथा कशी सांगणार? शिवाय भेसळीच्या पापावर हा उतारा नव्हे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये भेसळयुक्त ग्लिसरॉलने चौदा रुग्णांचे प्राण घेतले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीला टांगली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली, तेव्हाही विष तेच होते : डायइथिलीन ग्लायकॉल. ते ओळखण्यासाठी रक्तवाहिनी वाढवावी लागत नाही. प्रत्येक घाण्याची प्रामाणिक तपासणी पुरेशी असते. जेथे साधी तपासणीही टाळली जाते तेथे सूक्ष्म तपासणीच्या गोष्टी करणे व्यर्थ आहे, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी चूक नाही. परंतु एक कर्तव्य चुकले म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवावी, हा काही न्याय नव्हे.

दोनदा हुकलेली वेळ

रक्तवाहिन्यांवरील औषधांच्या बाबतीत मुंबई एके काळी जगाच्या पुढे होती, हे आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असण्याचा संभव कमी. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पन्नास रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध करून सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाब उतरविते, हे जगाच्या निदर्शनास आणले. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, तिच्यातील रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले ते स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीने. वनस्पती येथली, रुग्ण येथले, निरीक्षण येथले. परंतु द्रव्य आणि त्याचा व्यापार तिकडचा.

पुढे याच सिबाने गोरेगावला संशोधन केंद्र काढले. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर हेक्स्ट या जर्मन कंपनीचे केंद्र मुलुंडला आले. आयुर्वेदाला परिचित असलेल्या वनस्पतींची एकामागून एक चाळणी करताना तेथील शास्त्रज्ञांना सत्तरच्या दशकात कोलियस या वनस्पतीच्या मुळांत फोर्सकोलिन हे द्रव्य सापडले. ते रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयाच्या आकुंचनाला बळ देते. पेशींतील संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ते आजही वापरले जाते. त्यापासून बनविलेले हृदयविकाराचे औषध मात्र बाजारात आले ते १९९९ मध्ये, जपानमध्ये. गोरेगावचे केंद्र पुढे बंद झाले, मुलुंडचे हस्तांतरित झाले. मुंबईत बुद्धी नव्हती असे नाही. निर्णय घेणारे मुख्यालय मुंबईत नव्हते, एवढेच.

टनाचे मोल आणि पारखीचे मोल

आता बोईसरकडे वळावे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावरील मक्तेदारी नाकारून केवळ प्रक्रियेचे पेटंट मान्य केले आणि त्या छायेत भारतीय औषध उद्योग वाढला. तारापूरची वसाहत त्याच काळाचे अपत्य. २००५ पासून द्रव्यावरील पेटंट परत आले. तरीही जगातील जेनेरिक औषधांपैकी संख्येने सुमारे एक पंचमांश भारत पुरवितो, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु संख्येने पंचमांश म्हणजे किमतीने पंचमांश नव्हे. मूळ द्रव्य किलोच्या भावाने विकले जाते आणि चीनमधील कारखान्याने भाव उतरविला की बोईसरचा नफा आटतो. नफा आटला की काटकसर कोठे होते? ती कामगारांच्या सुरक्षिततेत होते आणि सांडपाण्यात होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांत प्रदूषणाचा सर्वाधिक निर्देशांक तारापूरचा, ९३.६९, होता. औषधनिर्मितीच्या साखळीत सर्वाधिक घाण करणारा व सर्वांत कमी मिळकतीचा दुवा या परिसराच्या वाट्याला आला आहे, असा याचा अर्थ. पारखीचा दुवा याच्या नेमका उलट आहे. त्याला जागा थोडी, पाणी थोडे व हात कुशल लागतात आणि मोबदला ज्ञानाचा मिळतो.

येथील कारखानदार यावर म्हणतील की, आम्ही जुनीच द्रव्ये बनवितो, आम्हाला नव्या पारखीची गरज काय? आजच्या हिशेबाने हे खरे आहे. परंतु उद्योगाचे भवितव्य आजच्या हिशेबावर ठरवावयाचे असेल तर तारापूरची खाजणे खाजणेच राहिली असती. मुंबई-पुण्याच्या कंपन्या नवी द्रव्ये शोधू लागल्या आहेत. त्यांना कंत्राटी चाचणीगृहे हवीच आहेत. ती बोईसरला नसली तर बंगळूर-हैदराबादला किंवा परदेशात असतील. शिवाय दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार तुलनेने लहान वयात गाठतो, हे वैद्यकाला चांगले परिचित आहे. अशा लोकांच्या रक्तवाहिन्यांवरील औषधांची पारख परक्यांच्या पेशींवर होत राहावी काय, हाही प्रश्न आहेच.

एकट्या लहान कारखान्याला असे चाचणीगृह परवडणार नाही, हे उघड आहे. निर्जंतुक खोल्या, पेशींचा साठा, सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित माणसे यांचा आरंभीचा खर्च मोठा असतो आणि तो उत्पादनाच्या प्रमाणात विभागता येत नाही. अर्थशास्त्रात अशा प्रसंगी सामायिक सोयीचा मार्ग सांगितला आहे. सांडपाण्यासाठी वसाहतीने सामायिक प्रक्रिया केंद्र स्वीकारले, ते याच तत्त्वावर. घाण सामायिक करता येते, तर ज्ञान का सामायिक करता येऊ नये? औद्योगिक विकास महामंडळाने जागा द्यावी, शासनाने आरंभीचे भांडवल घालावे, कारखान्यांनी वापराप्रमाणे शुल्क भरावे आणि शास्त्रीय देखरेख माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थेकडे सोपवावी. पैसा नाही, ही सबब चालणार नाही. औषधसंशोधनाच्या प्रोत्साहनार्थ केंद्राने २०२३ मध्ये पाच हजार कोटी रुपयांची योजना आखली. तीतील सातशे कोटी सात राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थांतील उत्कृष्टता केंद्रांसाठी राखून ठेवले. त्या सातांपैकी एकही संस्था महाराष्ट्रात नाही. देशाच्या औषधनिर्मितीत अग्रभागी असलेल्या राज्याने ही गोष्ट मुकाट्याने सोसावी, हे आश्चर्य होय.

या कामाला लागणारी माणसे या मातीत नाहीत असेही नाही. चिंचणी-वाणगाव पट्ट्यात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर पिढीजात कौशल्य बाळगून आहेत. केसाएवढी बारीक नक्षी पोलादात उलटी कोरणाऱ्या हाताला रक्तवाहिनीचा साचा किंवा चिपचा ठसा ही अशक्य वस्तू वाटू नये. पालघरच्या दांडेकर महाविद्यालयातून व परिसरातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. त्यांतील कित्येकांना वसाहतीत पाळीवरची नोंदवही भरण्याचे काम मिळते. पेशी वाढविणे हे चिकाटीचे, स्वच्छतेचे आणि नोंदीच्या शिस्तीचे काम आहे. ते एखाद्या सत्राच्या अभ्यासक्रमात व वर्षभराच्या उमेदवारीत शिकता येते. मुंबई विद्यापीठाने असा अभ्यासक्रम चाचणीगृहाशी जोडून द्यावा.

नाळ कोणाची?

एक प्रश्न मात्र आरंभीच सोडविला पाहिजे. पेशी कोणाच्या? डहाणू, तलासरी, जव्हार येथील रुग्णालयांत वारली, कोकणा, कातकरी माता प्रसूत होतात. त्यांच्या नाळेला उद्या भाव आला तर तो कोणाला मिळावा? अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी १९५१ मध्ये तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्यांवर जगभर व्यापार झाला आणि एका कंपनीशी तिच्या वारसांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी संमतीचा व नीतिसमितीच्या देखरेखीचा आग्रह धरला आहे. परंतु प्रसूतिवेदनांत असलेल्या बाईसमोर इंग्रजी कागद धरून घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. ती गरोदरपणाच्या तपासणीच्या वेळी, तिच्या बोलीत, नकाराची पूर्ण मोकळीक देऊन घ्यावी लागेल आणि मिळकतीचा ठरावीक वाटा त्या रुग्णालयाच्या माता-बालक विभागाकडे वळवावा लागेल. सर्पगंधेच्या बाबतीत देशाचे जे झाले ते देशातल्या देशात आदिवासी मातेचे होऊ नये.

मराठी माणूस आपल्या जन्मभूमीशी नाळ जुळल्याचे अभिमानाने सांगतो. बोईसरच्या उद्योगाची नाळ मात्र येथील मातीशी पाणी, मजूर आणि सांडपाणी यांपुरतीच जुळलेली आहे. ती बुद्धीशीही जुळावयाची असेल तर मार्च २०२३ च्या दुरुस्तीने दार उघडलेले आहे. असे दार फार काळ उघडे राहत नाही. आज ज्या देशात चाचणीच्या पद्धती प्रमाणित होतील, तेथलेच दंडक उद्या सर्वांना पाळावे लागतील. तेव्हा बोईसरने पुन्हा एकदा पिंपे भरून पाठवावीत आणि निकालाची वाट पाहत बसावे, की निकाल देणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसावे, याचा निर्णय आता महाराष्ट्र शासनाने व येथील कारखानदारांनी करावयाचा आहे.